बटाटे खाणाऱ्यांचे हात

दोस्तांनो, आज एका अगदी साध्या शब्दापासून सुरुवात करू या. बटाटा! हिंदीत म्हणतात आलू, बंगालीतही आलू. मग आपल्या मराठीत हा बटाटा आला कुठून? तर आला पोर्तुगीजांच्या जहाजांतून. त्यांच्या भाषेत हा शब्द आहे, आणि गोव्याच्या नि कोकणच्या किनाऱ्यावर त्यांचा मोठा वावर होता. पण गंमत अशी, की बटाट्याचं माहेर पोर्तुगालही नाही बरं का! ते आहे दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतात. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी तो युरोपात आणला. आणि नेदरलंड्स नावाच्या चिमुकल्या देशात गेल्यावर त्याचं नाव पडलं 'आर्डआपल'. म्हणजे काय, सांगा बरं? जमिनीतलं सफरचंद!

या जमिनीतल्या सफरचंदाच्या निमित्तानं आज मी तुम्हाला नेदरलंड्सची सैर घडवणार आहे. २०१९ च्या मे महिन्यात आम्ही तिथे सुट्टीला गेलो होतो. आम्ही म्हणजे माझा दादा, वहिनी, आठवीत जाणारा भाचरा-पुतण्यांतला थोरला पुतण्या, चौथीत जाणारी त्याची बहीण आणि मी, त्यांची आत्या. दादाचा एक मित्र लायडन नावाच्या गावात राहतो, त्याच्याकडे मुक्काम. बॅगेत मेतकूट आणि बेसनाचे लाडू. ते तर हवेतच!

हात शोधा!

ॲम्स्टरडॅमच्या राइक्स म्युझियममध्ये ऐंशी दालनं आहेत आणि सुमारे आठ हजार वस्तू मांडलेल्या आहेत. इमारत १८८५ साली उघडली. तिच्या पोटातून चक्क सायकलींचा रस्ता जातो. आमच्या पुतण्याला सगळ्यांत आधी आवडला तो हा रस्ता! आत शिरल्यावर मात्र त्यानं विचारलं, "आत्या, हे सगळं बघायचं?"

मुळीच नाही. आम्ही एक नियम केला होता. एका दिवसात पाचच चित्रं पाहायची, पण प्रत्येकापुढे पाच मिनिटं उभं राहायचं. आणि उभं राहून करायचं काय? तर एक खेळ खेळायचा. चित्रात आधी चेहरा नाही पाहायचा, हात शोधायचे. हे हात काय करताहेत? मऊ आहेत की राठ? कामात आहेत की मांडीवर स्वस्थ पडलेत?

पहिलं चित्र होतं योहानेस व्हर्मीरचं 'दूध ओतणारी बाई'. सुमारे १६६० मधलं. इतकं प्रसिद्ध चित्र, पण उंचीला अर्ध्या मीटरपेक्षाही कमी! खिडकीतून उजेड आलाय, आणि एक धट्टीकट्टी मोलकरीण मातीच्या भांड्यात दूध ओततेय. बारीकशी धार. टेबलावर पावाचे तुकडे. भिंतीला एक खिळा, आणि त्या खिळ्याची सावलीसुद्धा!

"आत्या, हिचे हात दोन रंगांचे आहेत," आमची चिमुरडी म्हणाली.

अगदी बरोबर. बाह्या वर सारल्यात ना, म्हणून दंडाकडचा गोरा भाग दिसतो आणि मनगटापासून पुढचे हात रापलेले दिसतात. रोज पाण्यात, उन्हात, विस्तवाशी काम करणारे हात. जाणकार म्हणतात, की ही बाई शिळ्या पावाची दुधातली खीर करत असावी. शिळी पोळी उरली की तुमची आई किंवा आजी काय करते? फोडणीची पोळी, नाहीतर गूळ-तूप घालून लाडू! तसंच हे.

आणि पावाशी व्हर्मीरचं आणखी एक नातं आहे. तो १६७५ मध्ये वारला, तेव्हा मागे बायको, अकरा मुलं आणि भरपूर कर्ज होतं. एकट्या पाववाल्याचीच उधारी होती सहाशे सतरा गिल्डर! गिल्डर म्हणजे तिथलं तेव्हाचं नाणं. बिचाऱ्या बायकोनं त्या उधारीपोटी पाववाल्याला नवऱ्याची दोन चित्रं दिली. आज व्हर्मीरची जेमतेम सदतीस चित्रं जगात उरली आहेत. २०२३ साली राइक्स म्युझियमनं त्यांतली अठ्ठावीस एकत्र आणून प्रदर्शन भरवलं, तेव्हा तिकिटं हातोहात संपली होती. आणि ती काढणाऱ्याच्या घरी मात्र पावाची उधारी!

त्या मे महिन्यात तिथे रेम्ब्रांटचंही मोठं प्रदर्शन चालू होतं, कारण त्याच्या मृत्यूला ३५० वर्षं झाली होती. रेम्ब्रांट हा लायडनचा, एका गिरणीवाल्याचा मुलगा. त्याचं १६३५ सालचं एक छोटंसं छापचित्र आहे. म्हातारी बाई रस्त्यात बसून घावनासारखं काहीतरी तव्यावर भाजतेय, भोवती पोरांचा गराडा आहे, आणि एक बाळ आपला घास कुत्र्यापासून वाचवायची धडपड करतंय. इवल्याशा मुठीत घट्ट धरलेला घास! हे चित्र कुठे पुस्तकात दिसलं तर जरूर पाहा, हसू येईल.

मग आलं पीटर क्लास याचं १६२७ मधलं चित्र. मोठं जेवणाचं टेबल. टर्की पक्ष्याचं पाय, शिंपले, लिंबू, पाव, शंखाचा पेला, आणि एका कागदाच्या पुडीतून सांडलेली मिरी. हो, पुडीच! वाणी रद्दीच्या कागदाची करतो ना, अगदी तश्शी. छापील पंचांगाच्या पानाची सुरळी करून त्यात मसाला भरलाय.

"पण आत्या, यात हातच नाहीत!" चिमुरडीनं तक्रार केली.

खरंच की. सगळं जेवण मांडलंय, आणि माणूस एकही नाही. मिरी काही नेदरलंड्समध्ये पिकत नाही. मग ती कोणाच्या हातांनी तोडली, कोणाच्या हातांनी वाळवली? दोस्तांनो, हा प्रश्न तुम्हीही जरा मनात ठेवा. आपण त्याच्याकडे परत येणार आहोत.

काळपट चित्र

दुसऱ्या दिवशी व्हॅन गॉग म्युझियम. हे १९७३ मध्ये उघडलं. तिथे त्या वेळी डेव्हिड हॉकनी या चित्रकाराचंही प्रदर्शन होतं. भिंतभर मोठी झाडं, जांभळे रस्ते, हिरवीगार पानं, काही चित्रं तर आयपॅडवर काढलेली! पुतण्या तिथून हलायलाच तयार नव्हता. त्याला ओढून नेलं एका काळपट चित्रापुढे. त्याचं नाव 'बटाटे खाणारे'.

व्हिन्सेंट व्हॅन गॉगनं हे चित्र १८८५ मध्ये न्यूनेन नावाच्या खेड्यात काढलं. वर टांगलेला तेलाचा दिवा. खाली एक टेबल, भोवती पाच माणसं. मध्ये एकच ताटली, तिच्यात वाफाळलेले बटाटे. एक म्हातारी कपांत कॉफी ओततेय. बस्स, एवढंच जेवण.

"किती काळं आहे!" पुतण्या म्हणाला. "आणि हात बघ ना, वाकडेतिकडे. याला हात काढता येत नव्हते का?"

त्याचं फारसं चुकलं नाही हो! व्हॅन गॉगच्या स्वतःच्या मित्रानंही, या चित्राची छापील प्रत पाहून, पत्रातून त्याला असंच झोडपलं होतं. पण व्हॅन गॉगनं हे मुद्दाम केलं होतं. हिवाळाभर तो शेतकऱ्यांच्या घरी जाऊन त्यांचे चेहरे आणि हात काढत होता. भाऊ थिओला लिहिलेल्या पत्रात त्यानं आपला हेतू सांगितला आहे. ही माणसं ज्या हातांनी ताटलीतला बटाटा उचलताहेत, त्याच हातांनी त्यांनी जमीन खणली आहे, आणि हे जेवण त्यांनी कष्टानं, इमानानं मिळवलं आहे. चेहऱ्यांचा रंगसुद्धा त्यानं धूळ लागलेल्या, न सोललेल्या बटाट्यासारखा ठेवला!

१९९१ मध्ये हे चित्र चोरीला गेलं होतं. चोरांनी एका रात्रीत वीस चित्रं पळवली, आणि तासाभरात ती सोडून दिलेल्या मोटारीत सापडली. ही गोष्ट ऐकून मात्र पुतण्याचे डोळे चमकले. पण चित्र? चित्र त्याला काही आवडलं नाही. आणि त्यात वाईट काही नाही. न आवडलेलं चित्र 'छान आहे' म्हणायची सक्ती कोणावरच नसावी.

ओमाचं स्वयंपाकघर

आमच्या मित्राच्या शेजारी एक आजी राहतात. डच भाषेत आजीला म्हणतात 'ओमा'. ऐंशीच्या घरातल्या, ताठ, निळ्या डोळ्यांच्या. भारतातून मुलं आली आहेत असं कळल्यावर त्यांनी आम्हाला संध्याकाळी सहाला जेवायला बोलावलं. तिकडे लवकरच जेवतात. बेत होता 'हुट्स्पॉट'. गाजर, कांदा आणि बटाटा एकत्र उकडून, घोटून केलेला घट्ट लगदा. आम्ही मांस खात नाही म्हणून ओमांनी ते वगळलं होतं.

या हुट्स्पॉटची एक गोष्ट आहे. १५७४ मध्ये स्पेनच्या सैन्यानं लायडनला वेढा घातला होता. महिनोन्‌महिने अन्न आत येईना. हजारो माणसं भुकेनं आणि रोगानं गेली. तेव्हा डच लोकांनी काय करावं? समुद्राचं पाणी अडवणारे बांधच फोडले! शेतं बुडाली, पाणी चढत गेलं, आणि वेढा घालणारे पळाले. ३ ऑक्टोबरला गाव मोकळं झालं. सांगतात, की एक अनाथ मुलगा शत्रूच्या रिकाम्या तळावर गेला, तर तिथे भाज्यांच्या रश्शानं भरलेलं एक भांडं तसंच टाकलेलं! तोच पहिला हुट्स्पॉट. त्यात बटाटा नव्हता हं, तो तिथल्या स्वयंपाकघरात नंतर आला. तेव्हा होते पांढऱ्या गाजरासारखे कंद. मदतीला आलेल्या होड्यांनी हेरिंग मासे आणि पांढरा पाव वाटला. अजूनही दर ३ ऑक्टोबरला लायडनमध्ये मासे आणि पाव वाटतात, आणि घरोघरी हुट्स्पॉट होतो. त्या गोष्टीतलं म्हणून दाखवतात ते भांडं गावच्या लाकनहाल संग्रहालयात आहे. आम्ही गेलो तेव्हा ते दुरुस्तीसाठी बंद होतं, २० जूनला उघडायचं होतं. मुलं हिरमुसली. ओमा हसल्या आणि म्हणाल्या, "भांडं माझ्याकडेही आहे. चला, बटाटे सोला!"

मुलं बसली सोलायला. ओमांची सुरी बघत राहावं अशी. साल इतकी पातळ, की खिडकीशी धरली तर पलीकडचा उजेड दिसावा. आमच्या पुतण्याची सालं मात्र चांगली जाडजूड, सालीला अर्धा बटाटा चिकटलेला. ओमा काही बोलल्या नाहीत. त्यांनी त्याच्यापुढचा सालांचा ढीग आपल्याकडे ओढला, एकेक साल उचलली, तिच्यावरचा बटाटा सुरीनं काढला आणि पातेल्यात टाकला. अगदी शेवटच्या सालीपर्यंत.

पुतण्या बघत होता. त्यानं इंग्रजीत विचारलं, "ओमा, एवढ्याशा बटाट्यासाठी इतकी मेहनत?"

तेव्हा त्यांनी सांगितलं. १९४४ चा हिवाळा. दुसरं महायुद्ध चालू होतं, नेदरलंड्स जर्मनांच्या ताब्यात होता. सप्टेंबरमध्ये डच रेल्वेकामगारांनी संप केला आणि जर्मनांनी देशाच्या पश्चिम भागाचा अन्नपुरवठा तोडला. त्यात कडाक्याची थंडी. त्या हिवाळ्याला तिकडे 'भुकेचा हिवाळा' म्हणतात. सुमारे वीस हजार माणसं त्यात दगावली. ओमा तेव्हा सहा वर्षांच्या होत्या. बटाटे संपले, मग बीट संपले, मग त्यांची आई ट्यूलिपचे कंद उकडू लागली. हो, तीच सुंदर फुलं, ज्यांचे फोटो काढायला आपण जातो! कंदाच्या मधला पिवळा कोंब विषारी असतो, म्हणून आई तो आधी काळजीपूर्वक काढून टाकायची.

"चव कशी होती?" चिमुरडीनं हळूच विचारलं.

"चव आठवत नाही," ओमा म्हणाल्या. "आईचे हात आठवतात. ती स्वतःच्या वाटणीचं आमच्या ताटलीत सरकवायची."

मे १९४५ मध्ये देश स्वतंत्र झाला. त्याच्या आधीच स्वीडनहून आलेल्या पिठाचा पांढरा पाव मिळाला होता, त्याचा वास मात्र ओमांना अजून आठवतो.

थोडा वेळ कोणीच बोललं नाही. मग हुट्स्पॉट ताटल्यांत आला. आणि गंमत बघा, ओमांनी प्रत्येकाच्या ढिगाला चमच्यानं मधोमध खळगा केला आणि त्यात पातळ लोणी ओतलं. आमची चिमुरडी टाळ्या पिटत ओरडली, "आत्या, वरण-भातासारखं!" भाताच्या मुदीत खळगा करून आपण वरण-तूप घेतो ना? तिकडची मुलंही तसाच खळगा करतात आणि रस्सा बाहेर फुटू नये म्हणून तटबंदी सांभाळत जेवतात!

न दिसणारे हात

वाढताना ओमांनी वर जायफळ किसलं. वहिनी म्हणाली, "अगंबाई, आमच्या श्रीखंडातलं!" आणि इथेच तो मघाचा प्रश्न परत आला. टेबलावर हात नसलेलं ते चित्र.

त्या काळी जायफळ जगात एकाच ठिकाणी पिकत असे. इंडोनेशियातल्या बांदा नावाच्या इवल्या बेटांवर. त्याचा व्यापार फक्त आपल्याच हाती असावा म्हणून १६२१ मध्ये डच ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यानं त्या बेटांवर हल्ला केला. तिथले बहुतेक रहिवासी मारले गेले, उपाशी मेले किंवा गुलाम करून नेले गेले. मग दुसरीकडून गुलाम आणून त्यांच्याकडून जायफळाच्या बागा राबवल्या. त्याच काळात इकडे ॲम्स्टरडॅममध्ये सुंदर सुंदर टेबलांची चित्रं निघत होती. त्यांत मसाले दिसतात, हात दिसत नाहीत.

स्वतः भूक सोसलेल्या देशानं दुसऱ्यांना असं वागवलं, हेही खरंच. आणि डच लोक आता ते बोलूनही दाखवतात. २०२१ साली राइक्स म्युझियमनं गुलामगिरीवर प्रदर्शन भरवलं आणि दहा खऱ्या माणसांच्या आयुष्यातून ती कहाणी सांगितली. चित्रात जे नाही तेही शोधायचं असतं, ते यासाठी.

निघायच्या आदल्या दिवशी एक सकाळ मोकळी होती. दादानं विचारलं, "कुठे जायचं?" मला वाटलं, पुतण्या फुटबॉलचं मैदान म्हणेल. तो म्हणाला, "त्या बटाटेवाल्या चित्राकडे." अठरा वर्षांखालच्या मुलांना या दोन्ही संग्रहालयांत तिकीट पडत नाही, त्यामुळे त्याचा खर्च नव्हता. मी त्याच्याबरोबर गेले. तो बराच वेळ उभा राहिला. हात पाहत होता. मग त्यानं एवढंच विचारलं, "आत्या, यांनी सालं किती पातळ काढली असतील गं?"

आता तुमची पाळी

परदेशी जायलाच हवं असं काही नाही. हुट्स्पॉट घरीच करता येतो. चौघांसाठी अर्धा किलो बटाटे, अर्धा किलो गाजरं, पाव किलो कांदे घ्या. सोलून (पातळ सालं हं!) मोठे तुकडे करा. बुडतील एवढं पाणी आणि मीठ घालून वीस-पंचवीस मिनिटं शिजवा. गरम पाणी ओतायचं काम मोठ्यांकडे. थोडं पाणी बाजूला ठेवा. पावभाजीच्या मॅशरनं घोटा, पण अगदी गुळगुळीत नको. दोन चमचे लोणी, मिरपूड आणि किसलेलं जायफळ चिमूटभर. घट्ट वाटलं तर ते ठेवलेलं पाणी घाला. मग ताटलीत खळगा करायला विसरू नका!

आणि आई-बाबांनो, एक विनंती तुम्हालाही. मुलांना संग्रहालयात नेलं, मग ते मुंबईचं असो, पुण्याचं असो की ॲम्स्टरडॅमचं, तर सगळं दाखवायची घाई करू नका. पाच गोष्टी पुरे. मोबाइल जरा खिशात ठेवा आणि मुलांच्या हाती वही-पेन्सिल द्या. २०१५ मध्ये राइक्स म्युझियमनंही पाहुण्यांना हेच सांगितलं होतं, की फोटो काढण्यापेक्षा चित्र काढा, म्हणजे जास्त दिसेल.

तर दोस्तांनो, या रविवारी एक काम. घरात स्वयंपाक चालू असेल तेव्हा ओट्याजवळ वही घेऊन बसा. पोळी लाटणारे, भाजी निवडणारे, भांडी घासणारे हात बघा आणि त्यांचं चित्र काढा. आईचे असोत, बाबांचे, आजीचे, की कामाला येणाऱ्या मावशींचे. वाकडेतिकडे आले तरी चालतील. व्हॅन गॉगचेही आलेच होते की!

चित्र झालं की ज्यांचे हात काढलेत त्यांना दाखवा. आणि जेवायला बसाल तेव्हा ताटात काही टाकू नका.